लॉय क्रथोंग: दीपदान की द्रोण?

प्रश्न असा आहे: थायलंडच्या 'लॉय क्रथोंग' सणाला मराठीत 'दीपदान' म्हणावे का? आणि आकाशात कंदील सोडतात तो सण हाच का?

'दीपदान' मला पटत नाही. मूळ नावात दिवाही नाही आणि दानही नाही. क्रथोंग म्हणजे केळीच्या पानाचा द्रोण. थाई स्वयंपाकघरात तो रोजचाच. नारळाचे दूध घातलेले माशाचे मसालेदार 'हो मोक' त्यातच उकडतात. सणाला केळीच्या खोडाची चकती घेऊन तिच्याभोवती पाने दुमडून बसवतात, वर फुले, उदबत्त्या आणि मेणबत्ती ठेवतात. थायलंडमधल्या 'ताक' शहरात तर पिंग नदीत नारळाच्या करवंट्या एकामागून एक सोडतात, दिव्यांची माळच वाहत जाते!

'लॉय' म्हणजे तरंगणे, तसेच तरंगत सोडणे. त्यासाठी आपले 'सोडणे' तयारच आहे. त्रिपुरी पौर्णिमेला आपण नदीत दिवे सोडतोच. मी 'द्रोण सोडण्याचा सण' असे लिहीन. थाई चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, तो येतो. लिहिताना 'क्राटाँग' नको. पहिला अ ऱ्हस्व आणि पुढे स्पष्ट थ आहे.

कंदिलांचा सण वेगळा: 'यी पेंग', उत्तरेकडच्या लान्ना प्रदेशाचा, चिआंग माईत विशेष गाजणारा. यी म्हणजे दुसरा, पेंग म्हणजे पौर्णिमा. लान्नाची महिन्यांची मोजणी दोन महिने पुढे असल्यामुळे बँकॉकचा बारावा महिना तिथे दुसरा ठरतो. पौर्णिमा तीच, शिवाय हवेत तरंगणाऱ्या कंदिलालाही 'खोम लॉय' म्हणतात, म्हणून बातम्यांत दोन्ही सणांची सरमिसळ होते.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. पाणी वापरले, मळवले म्हणून द्रोण वाहून जिची क्षमा मागतात, ती 'फ्रा मॅ खोंगखा'. मॅ म्हणजे आई, आणि खोंगखा म्हणजे आपली गंगाच. थाई लिपीत तिची अक्षरे आजही ग, ङ, ग, आ यांच्याच जागची आहेत. उच्चारात तेवढा ग चा ख झाला आहे. मराठी मजकुरात तिला 'जलदेवता' करून टाकतात. तसे करू नका, सरळ 'गंगामाई' लिहा.