टेलिकॉमचं अर्थशास्त्र शिकून नोकरी कुठे?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे, गणितही घेतलंय. टेलिकॉमवरची सरकारी मक्तेदारी उठल्यावर धंदे आणि देश कसे बदलले, हेच शिकायचं म्हणते. तुम्हाला सीए बरं वाटतं. "तीनच तर मोठ्या खासगी कंपन्या उरल्यात, हिला घेणार कोण?" असं तुम्ही विचारलंय.

कंपन्या तीनच का उरल्या, हाच तिच्या विषयाचा गाभा आहे. 1994च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. पण त्यांनी चढाओढीत बोललेलं परवाना शुल्क त्यांनाच पेलेना. 1999 मध्ये त्याऐवजी सरकारनं त्यांच्या उत्पन्नात वाटा घ्यायचं ठरलं आणि क्षेत्र सावरलं. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, फोन भाजीवाल्यापर्यंत पोहोचला. पुढे 'उत्पन्न' कशाला म्हणायचं यावरून खटला चालला. 2019 मध्ये निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला आणि त्यांच्या डोक्यावर हजारो कोटींची देणी आली. क्षेत्र मोकळं झालं की नियम संपत नाहीत, उलट ते नीट लिहिणारी माणसं जास्त लागतात.

सासऱ्यांच्या काळी इंदूरच्या सियागंज बाजारात बाहेरगावचे भाव कळायला ट्रंक कॉल लावून बसावं लागे, असं तुम्हीच लिहिलंय. केरळच्या मच्छीमारांचंही तसंच होतं. 1997 ते 2001 दरम्यान तिथं मोबाईल आले, होडीतूनच भाव विचारता येऊ लागले. मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला, गिऱ्हाइकाला दर 4 टक्के उतरला. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा 2007चा हा शोधनिबंध तिला जरूर वाचू द्या.

नोकऱ्या ट्राय (टेलिकॉमचं सरकारी नियामक प्राधिकरण), स्पर्धा आयोग, कंपन्यांचे नियामक विभाग, सल्लागार संस्था इथे असतात. अर्थशास्त्रात एम.ए. केलं की यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते. सुरुवातीची काही वर्षं सीए झालेल्या मैत्रिणीएवढा पगार मिळेल, असं मात्र मी सांगणार नाही. एम.ए.शिवाय या क्षेत्रात फारसं कुणी विचारत नाही, तेव्हा पाच वर्षांची तयारी ठेवा. देवी अहिल्या विद्यापीठाचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इंदूरमध्येच आहे; पुण्याची गोखले संस्थाही पाहा. गणित आणि संख्याशास्त्र सोडू देऊ नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. ट्राय आपली चर्चापत्रं आणि त्यांवर कंपन्यांनी दिलेली उत्तरं संकेतस्थळावर ठेवते. त्यातलं एक चर्चापत्र तिला पूर्ण वाचायला लावा आणि कोणती कंपनी काय मागतेय, का मागतेय, हे तुम्हाला मराठीत समजावून सांगायला सांगा. ते तिनं रस घेऊन सांगितलं, तर सीएचा आग्रह सोडा.