रूममेट पिऊन बेशुद्ध पडला तर काय करावं? घरी सांगावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सावंतवाडीहून फोंड्याला शिकायला आलास. शनिवारी खोलीवर पार्टी झाली, रूममेट हलवूनही उठेना, पोलिसांचं लफडं नको म्हणून तुम्ही त्याला पांघरूण घालून झोपवलं. सकाळी तो उठला. आता पोरं नशेच्या गोळ्या आणायची भाषा करताहेत आणि त्याच्या घरी सांगावं का, ते तुला ठरवता येत नाहीये.

मी उत्तर गोव्यात कॉलेजात शिकवते, एनएसएसचं कामही बघते. व्यसनमुक्तीची व्याख्यानं बक्कळ होतात, पण बेशुद्ध मित्राशेजारी बसलेल्या पोराने काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आधी तेच.

हाक मारून, हलवून उठत नसेल तर ती झोप नव्हे. पिणं थांबल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच राहते. उताणा असताना ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळव, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेव, तोंड किंचित खाली कललेलं राहू दे, पाठीला उशी लाव. मग श्वास मोज. मिनिटाला आठपेक्षा कमी, मध्येच दहा-दहा सेकंद श्वास बंद, अंग गार, ओठ निळसर, यातलं एकही दिसलं किंवा तो उठतच नसला, तर लगेच 108. गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोटं घालणं, यातलं काहीही करू नकोस. यकृत तासाला साधारण एका पेगचा निचरा करतं, त्याला घाई करता येत नाही. डॉक्टरांना काय घेतलं, किती घेतलं ते खरं सांगायचं, गोळी घेतली असेल तर तेही.

'बियरच तर होती' असं पोरं म्हणतात. 30 मिली व्हिस्कीत सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या 650 मिलीच्या बाटलीत 40 ग्रॅम, म्हणजे चार पेग. काजूच्या हंगामात हुर्राकाचं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचं, तसंच. लिमका, मीठ, चिरलेली हिरवी मिरची घातली की सरबतासारखं घशाखाली उतरतं, आणि फेणीपेक्षा हलकं म्हणून कुणी मोजत नाही.

आता पोलिसांचं. मित्रासाठी रुग्णवाहिका बोलावणं हा गुन्हा नाही. गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं सेवनही गुन्हा आहे. एमडीएमए (पार्ट्यांतली 'एक्स्टसी') अर्ध्या ग्रॅमच्या वर सापडलं की ते 'अल्प प्रमाण' राहत नाही, शिक्षा एकदम वाढते. सगळ्यांचे पैसे गोळा करून जो 'फक्त आणून देतो', तोच यात सर्वांत वाईट अडकतो. तो तू होऊ नकोस. त्यातून गोळीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि झोपेच्या गोळ्या दारूवर घेतल्या तर श्वासच मंदावतो. याच कायद्यात कलम 64अ सुद्धा आहे: व्यसन जडलेला माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे फार कमी मुलांना माहीत असतं.

घरी सांगायच्या आधी त्याच्याशी बोल, तो शुद्धीत असताना, चारचौघांत नाही. काय पाहिलंस आणि किती घाबरलास ते सांग, प्रवचन देऊ नकोस. बोलून फरक पडतो. आपल्या गोव्यातच मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगात संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांवर हे करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशी मोजक्या बैठका झाल्यावर तीन महिन्यांनी 36 टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 26 टक्के. 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

त्याला मदत हवी असेल तर बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, सोबत तू जा. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, व्यसनासाठी 14446.

पुन्हा असं झालं, रोजचं व्हायला लागलं किंवा गोळ्या खरंच आल्या, तर त्याच्या घरी कळव. मात्र आधी त्याला सांग, 'मी तुझ्या बाबांना फोन करणार आहे,' आणि मग कर. चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तरी कर.