अंडी कोंबडीखाली की मशीनमध्ये? इंदूर परिसरातल्या पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तरं

राऊहून एक ताई विचारतात: ५० अंडी उबवायचं मशीन आणलं. बॅटरी लावून पाहिलं तेव्हा पिल्लं हलताना दिसत होती, पण बरीचशी कवचातच मेली. असं का?

ताई, पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलं की शेवटचे तीन दिवस आधी तपासायचे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५०-५५ टक्के पुरते, त्यानंतर ६५-७० लागते. आपल्या माळव्यात एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत. त्यात अंड्याला टोच पडली, म्हणजे पिल्लाने आतून कवचाला पहिलं भोक पाडलं, की घरातलं प्रत्येक जण झाकण उघडून डोकावतं. ओल उडते, कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला आत वळताच येत नाही. म्हणून १८व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, पाण्याचं भांडं भरा आणि झाकण बंद करा. टोच पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. कवच सोलून मदत करायला जाऊ नका, रक्तस्राव होतो. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर सहज काढतं, तेव्हा अंग सुकेपर्यंत आतच राहू द्या.

दुसरं, मशीन पत्र्याच्या खोलीत असेल तर आजच हलवा. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ अंश लागतात. घरगुती मशीन गरम करतं, थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच चाळिशीला गेली तर बल्ब बंद असूनही अंडी शिजतात.

सिमरोल: कोंबडा कडकनाथ, माद्या गावठी आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड). सगळी अंडी एकाच खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली ठेवू का? पिल्लं कडकनाथ म्हणून विकता येतील?

जात कुठलीही असो, उबवण २१ दिवसांचीच, त्यामुळे मिसळायला हरकत नाही. मात्र सगळी अंडी एकाच संध्याकाळी ठेवा. सात दिवसांपेक्षा जुनी, फ्रीजमधली किंवा धुतलेली नकोत. गावठी मादीखाली १०-१२ पुष्कळ झाली, आरआयआरची मोठी अंडी असतील तर आणखी कमी. लोभाने पंधरा ठेवली की कडेची आळीपाळीने गार पडतात आणि सगळ्यांचंच नुकसान होतं.

विक्रीबद्दल स्पष्ट सांगतो: नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि संकरित पिल्लू काळंभोर दिसलं तरी ते संकरितच. गिऱ्हाइकाला तसं सांगूनच विका.

सांवेर: लाइट चार-चार तास जाते. मशीन घ्यावं की नाही?

डझनभर पिल्लं हवी असतील तर घेऊ नका, खुडूक कोंबडी पुरते. जास्त हवी असतील तर दोन्ही वापरा. मशीन भराल त्याच दिवशी कोंबडीही बसवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढा. कोंबडीखाली जागा झाली की मशीनमधली चांगली अंडी तिच्याखाली सरकवा. लाइट गेली तर झाकण उघडू नका. थंडीत वरून गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी सोडा.

मशीनची पिल्लं सुकली की रात्री, अंधारात, कोंबडीच्या पंखाखाली सोडा. दिवसा सोडली तर कोंबडी त्यांना टोचून मारू शकते. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यात टाकून घ्या. लसीची बाटली बर्फातूनच आणा.