फोनमधली छायाचित्रे आणि घरातली फरशी

वाचकांचे प्रश्न : घर आणि सजावट

प्रश्न : चिंचवडमधील आमच्या बारा वर्षे जुन्या, दोन बेडरूमच्या सदनिकेचे अंतर्गत काम दिवाळीपूर्वी करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. गेल्या सहा महिन्यांत मी फोनमध्ये तीनशेहून अधिक छायाचित्रे साठवली आहेत. यजमानांना राखाडी-पांढऱ्या रंगांचे घर हवे आहे, मला मातकट, उबदार रंग आवडतात, आणि आपले सागवानी कपाट व हॉलमधला झोपाळा हलवू नये, एवढेच सासूबाईंचे मागणे आहे. इंटिरियर डिझायनरने पहिल्याच भेटीत 'आधी मूडबोर्ड करून आणा' असे सांगितले. म्हणजे नेमके काय करायचे? साठवलेली छायाचित्रे छापून एका पुठ्ठ्यावर चिकटवली तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : छायाचित्रांपासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही, परंतु तिथेच थांबलात तर तो फलक दिसायला सुंदर होईल आणि एकाही निर्णयाला उपयोगी पडणार नाही. आपल्या घरात जे रंग, लाकूड, दगड, कापड आणि धातू पुढील दहा-पंधरा वर्षे एकत्र नांदणार आहेत, ते काम सुरू होण्यापूर्वी शेजारी शेजारी ठेवून त्यांचे एकमेकांशी जमते की नाही हे पाहणे, हे मूडबोर्डचे खरे काम आहे.

आपल्या पत्रात एका महत्त्वाच्या गोष्टीचा उल्लेख नाही, आणि मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत तो नसतो : घरातल्या फरशीचा. त्या काळच्या पुष्कळशा सदनिकांमध्ये बिल्डरने दोन बाय दोन फुटांच्या, फिकट पिवळसर किंवा गुलाबीसर छटेच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बसवलेला असतो. आपल्याकडेही तसेच असेल आणि ते बदलायचे नसेल, तर घराचा सर्वांत मोठा रंग आधीच ठरलेला आहे, आणि फोनमधल्या तीनशे छायाचित्रांपैकी एकातही तो नाही. म्हणून फलकावर पहिला मान फरशीला द्यावा. माळ्यावर एखादी शिल्लक टाइल बहुधा सापडतेच. ती खाली काढून फलकाच्या पायथ्याशी उभी ठेवावी. नसेल तर फलक सरळ जमिनीवर मांडून पुढचे सगळे नमुने तिथेच पारखावेत.

त्यानंतर सासूबाईंचे कपाट. त्याचे छायाचित्र काढून चिकटवू नये, कारण जुन्या सागाचा तांबूस-मधाळ रंग छायाचित्रात हमखास चुकतो. कपाटाचा एक खण बाहेर काढून फलकाशेजारी ठेवावा. झोपाळ्याच्या कड्या पितळी असतील तर त्याही हिशेबात धराव्यात, कारण मग नव्या कपाटांच्या मुठींना चकचकीत क्रोमपेक्षा पितळी झाक अधिक शोभेल. अशा रीतीने न बदलणाऱ्या वस्तू आधी मांडल्या, की निम्मे वाद आपोआप मिटतात.

आता छायाचित्रांकडे वळू. आपण, यजमान आणि सासूबाई अशा तिघांनी, एकमेकांशी न बोलता, प्रत्येकी चारच छायाचित्रे निवडावीत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे त्यात नेमके काय आवडले ते एका पूर्ण वाक्यात लिहावे. हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत याहून मोलाचे दुसरे काही नाही. राखाडी भिंतीचे छायाचित्र निवडणाऱ्या माणसाने पाठीमागे 'जमिनीवर काहीच पडलेले नाही' किंवा 'मोठी खिडकी आहे' असे लिहिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तसे असेल तर त्या माणसाला राखाडी रंग नको असून सामान ठेवायला बंद कपाटे हवी असतात, किंवा खिडकीसमोरचा अवजड पडदा काढायला हवा असतो. आणि मातकट भिंतीही त्याला सहज चालून जातात. आपल्या यजमानांच्या मनात काय आहे हे मी येथून सांगू शकत नाही, परंतु पाठीमागचे वाक्य ते सांगेल.

राखाडी रंगाविषयी मात्र एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. पॅरिसच्या गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामशाळेत १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्हरल यांच्याकडे अशी तक्रार आली होती, की तेथे रंगवलेला काळा धागा विणकामात पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी धागा तपासला, तर त्याच्या रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्यांना तो फिका भासत होता. शेजारी असलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. आपल्या हॉलमध्येही तेच घडेल : दुकानातल्या शेडकार्डावर शांत दिसणारा राखाडी रंग पिवळसर फरशीशेजारी निळसर, थंड आणि थोडा मळका दिसू लागेल. राखाडी हवाच असेल तर ज्यात तपकिरी किंवा पिवळ्या रंगाची किंचित झाक आहे असा, ओल्या वाळूच्या जवळ जाणारा राखाडी शोधावा. आपल्या मातकट रंगांशी त्याचे चांगले जमते आणि कदाचित तिथेच आपल्या दोघांची गाठ पडेल.

प्रत्यक्ष फलकासाठी 'फुल इम्पिरियल' आकाराचा, म्हणजे २२ बाय ३० इंचांचा पांढरा माउंटबोर्ड घ्यावा. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात तो मिळतो. नमुने डिंकाने न चिकटवता टाचण्यांनी लावावेत, कारण त्यांची जागा दहा वेळा बदलणार आहे. फलकावर प्रत्येक रंगाला घरात जितकी जागा मिळणार आहे त्याच प्रमाणात जागा द्यावी. मुख्य रंगाला साठ, दुय्यम रंगाला तीस आणि ठळक रंगाला दहा टक्के, असा एक ढोबळ संकेत सजावटकार वापरतात. ६६० चौरस इंचांच्या या फलकावर ते सुमारे ३९६, १९८ आणि ६६ चौरस इंच होतात. हा संकेत काटेकोर पाळायलाच हवा असे नाही, पण आपल्या आवडत्या गेरूच्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा आणि संपूर्ण भिंत यांतला फरक तो आधीच लक्षात आणून देतो. मोठ्या पृष्ठभागावर गडद रंग अधिक तीव्र भासतो. म्हणून आवडलेल्या रंगाचा लहानात लहान डबा आणून दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, तो पूर्ण वाळू द्यावा, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा थोडे गडद होते, आणि मग तो पुठ्ठा एकेका भिंतीला टेकवून पाहावा.

उजेडाचा विचार सर्वांत शेवटी केला जातो, याचे मला फार वाईट वाटते. माझ्या स्वतःच्या घरी पडद्यांचे कापड आणि सोफ्याचे कापड दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली तंतोतंत जुळले होते, आणि घरच्या पिवळसर दिव्यात एक हिरवट, तर दुसरे तांबूस दिसू लागले. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेले असले, तर एका प्रकाशात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात. ते पडदे मी सात वर्षे वापरले आणि संध्याकाळी दिवा लावला की रोज ती चूक मला दिसत असे. म्हणून आपला फलक किमान आठवडाभर हॉलमध्येच ठेवावा; सकाळी आठला, दुपारी दोनला आणि दिवेलागणीनंतर, जो दिवा पुढे वापरणार आहात त्याच दिव्याखाली तो पाहावा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो : २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ४००० च्या आसपास मध्यम आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्या मातकट रंगांना ६५०० चा दिवा मारून टाकतो. ज्याने घरात बसायचे त्या प्रत्येकाने या आठवड्यात फलकावरून एक तरी नमुना काढावा, आणि तो का काढला ते सांगावे.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित कौलारू घर कणकवलीजवळ आहे. चिऱ्याच्या भिंती, फणसाच्या लाकडाचे दरवाजे आणि काळोखे माजघर आहे. घर राहण्याजोगे करायचे आहे, परंतु शहरातल्यासारखी नमुने देणारी दुकाने जवळ नाहीत. मूडबोर्ड करावा का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : अवश्य करावा, आणि आपल्याला दुकानाची गरज इतरांपेक्षा कमी आहे. अंगणातला चिऱ्याचा एक तुकडा, फुटके कौल, दरवाजाच्या लाकडाची फळी, घरातली घोंगडी आणि तांब्याचे एखादे भांडे पडवीत एका जुन्या पाटावर मांडा. हाच आपला मूडबोर्ड. तांबडा, तपकिरी आणि काळपट हे रंग त्यात भरपूर आहेत, उणीव आहे ती उजेड परतवणाऱ्या रंगाची. माजघरासाठी चुन्याच्या तीन पट्ट्या पुठ्ठ्यावर काढून पाहाव्यात : एक निव्वळ पांढरी, एक किंचित नीळ घातलेली आणि एक चिमूटभर गेरू घातलेली. चिऱ्याच्या शेजारी नीळ घातलेला चुना अधिक लख्ख दिसतो, आणि गेरूचा चुना मवाळ होऊन भिंतीत मिसळून जातो. माजघरात माझा कौल पहिल्या दोहोंपैकी एकाला राहील. चुना जुन्या भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यामुळे ओलीच्या दृष्टीनेही तो योग्य आहे. कापडाचे नमुने मात्र पावसाळ्यात निवडावेत. जाड मखमल आणि फोमच्या गाद्या कोकणातल्या आषाढात कशा कुबट होतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : मूडबोर्ड तयार आहे. तो सुताराला दाखवला की त्याला सगळे कळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कळणार नाही, आणि त्यात सुताराचा काही दोष नाही. फलकावर वरचा पृष्ठभाग दिसतो, आतले काम दिसत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेटखाली कोणते प्लायवूड आहे, हे कोणताही मूडबोर्ड सांगत नाही. त्यासाठी मापांसह आराखडा आणि साहित्याची लेखी यादी वेगळी द्यावी. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवूड हवे असेल, तर तसे त्या यादीत स्पष्ट लिहावे. फलकावरील प्रत्येक नमुन्याच्या पाठीमागे कंपनीचे नाव, क्रमांक, चकचकीत की मंद झाक, आणि लाकडी रेषा असतील तर त्या उभ्या लावायच्या की आडव्या, हे टिपून ठेवावे. लॅमिनेट आठ बाय चार फुटांच्या पत्र्यांत येते. रेषांची दिशा बदलली की पत्रे कापण्याचा हिशेब आणि खर्च दोन्ही बदलतात. माल उतरला की पहिला पत्रा कापण्याआधी तो फलकावरच्या नमुन्याशेजारी, खिडकीच्या उजेडात, सुतारासमक्ष धरून पाहावा.