निदान तरी करून घे

प्रिय बाबू,

चवथीला तुमच्याकडे आरती चालू असताना बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि तू मध्येच उठून मागच्या दाराने विहिरीकडे गेलास, वाजवायचा घुमट हातातच. मी मागून आलो तर धाप लागलेली, शर्ट भिजलेला. म्हणालास, काका, गॅस झालाय.

गॅस! हा शब्द मी अकरा वर्षं वापरला रे.

मी खाणीवर ट्रक चालवायचो ते तुला माहीत आहे, का सोडला ते नसेल. पावसाआधी ट्रिपा वाढवायची घाई, रिव्हर्स घेताना माझा क्लीनर मागच्या चाकाखाली आला. पुढचं लिहीत नाही. आठवड्याने परत गाडीवर बसलो, हप्ते होते, लोक म्हणाले बघा किती घट्ट माणूस. पण ओल्या मातीत डिझेल सांडल्याचा वास आला की स्टिअरिंगवरचे हात सुटायचे नाहीत. आईने मीठ-मिरच्यांनी दिश्ट काढली, एका डॉक्टरने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, बाकी फेणी होतीच. बायकोने काय सोसलं ते तिला विचार. नको, विचारूच नको.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून बसणारा आजार, हे नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात १९८० सालीच आलं होतं, पण आमच्या ट्रकच्या लाइनीत ते कोण सांगणार? मी भित्रा नव्हतो एवढं लक्षात ठेव. घर चालवत होतो.

तुझं मात्र तसं नाही, तुला नाव माहीत आहे. म्हणूनच राग येतो. रील बघून 'मला पीटीएसडी आहे' हे स्वतः ठरवू नको आणि 'मला काही नाही' हेही स्वतः ठरवू नको, निदान तरी नीट करून घे! अपघातानंतर पहिला महिनाभर झोप उडते, दचकायला होतं, ते बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं. तुझा अपघात मे महिन्यातला. तेव्हापासून तू त्या वळणावरून गेलेला नाहीस, क्रिकेट सोडलंस, मित्राच्या आईसमोर जात नाहीस, रात्री तेच दिसतं. हे ओसरलेलं नाही बाबू.

यात रक्ताचा रिपोर्ट नसतो, बोलूनच कळतं, म्हणून लपवलंस तर डॉक्टर तरी काय करणार? कागदावर लिहून ने: किती रात्री झोप नाही, कुठला आवाज, कुठला वास, कुठला रस्ता टाळतोस. डोक्याला मार बसला होता तेही सांग, त्यानेसुद्धा चिडचिड आणि विसरायला होतं, दोन्ही वेगळं काढावं लागतं. बियर किती ते खरं सांग. मित्र गेला आणि मी का राहिलो असं मनात येत असेल तर ते सगळ्यात आधी सांग, आणि रात्री-अपरात्री आलं तर १४४१६ लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे. फार्मसीतून झोपेची गोळी आणू नको, तो निदान टाळायचाच प्रकार.

आयपीएचबी, म्हणजे बांबोळीचं मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ, म्हटलं की आपल्याकडे लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, मीही तेच बोलायचो. शेवटी तिथेच बसलो होतो आणि त्या डॉक्टरबाईंनी विचारलं, वास कसला येतो? अकरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस, रडलो.

सोमवारी साडेसातला गाडी घेऊन येतो. त्या वळणावरून नेणार नाही, लांबचा रस्ता घेऊ. आत तू एकटा जा, मी बाहेर चहा पीत बसतो. कागद विसरू नको.

तुझा काका