कळंबा कारागृहातून कैदी मुदतीआधी सुटतात, त्याने कोल्हापूरकरांना धोका वाढतो का?

'सुटका' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी हे न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले असतात. ते जामिनावर सुटतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर सोडता येते. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही.

शिक्षा झालेल्यांना संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजा, म्हणजे ठरावीक दिवस बाहेर राहून परतण्याची मुभा मिळते, आणि तीही पोलिसांचा अहवाल मागवून. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे नाही. (गावात दोन्हींना सरसकट 'पॅरोल' म्हणतात.) तिसरी गोष्ट माफीची: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष 14 वर्षे भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही.

धोका शून्य नाही. रजेवरून न परतणारे असतातच. तथापि माझ्या मते खरी जोखीम रजेपेक्षा शिक्षा संपवून, काम आणि घर दोन्ही नसताना बाहेर पडणाऱ्याची अधिक असते, कारण त्याच्यावर कोणाचीच देखरेख उरत नाही.