‘द काइट रनर’मधल्या अमीरचं पाप शेवटी फिटतं का?
माझ्या मते अर्धंच फिटतं, आणि खालिद हुसैनींची ही २००३ची कादंबरी त्यामुळेच खरी वाटते. (पुढे कथानक फुटणार आहे, वाचली नसेल तर इथेच थांबा.)

बहुतेकांच्या लक्षात १९७५च्या हिवाळ्यातली काबूलची पतंगबाजी आणि ती गल्ली राहते, जिथे असेफ नावाचा दांडगट मुलगा अमीरच्या घरच्या नोकराच्या पोरावर, त्याच्या सवंगड्यावर, हसनवर बलात्कार करतो आणि अमीर लपून बघत राहतो. मला त्यानंतरचं जास्त टोचतं. हसनचं तोंड बघवत नाही म्हणून अमीर आपलं नवं घड्याळ आणि पैसे त्याच्या गादीखाली नेऊन ठेवतो. बाबांनी, म्हणजे अमीरच्या वडिलांनी, विचारल्यावर हसन न केलेली चोरी कबूल करतो. का, तर अमीर खोटारडा ठरू नये म्हणून! याला निष्ठा म्हणायचं, की हजारा या तिथे हलक्या मानलेल्या जमातीतल्या नोकराच्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या लागलेली सवय? मला दोन्ही दिसतं.

२६ वर्षांनी अमीर अफगाणिस्तानात एका गरीब घरी मुक्कामाला असतो. पोरं आपल्या घड्याळाकडे बघताहेत असं वाटून तो ते देऊन टाकतो. रात्री कळतं, त्यांची नजर त्याच्या जेवणावर होती. पाहुण्याला वाढल्यावर त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं. सकाळी तो कुणाचं लक्ष नाही बघून गादीखाली नोटा सरकवतो. कृती तीच, हेतू उलटा.

त्यापुढे हसनच्या मुलाला, सोहराबला, सोडवताना आता तालिबानी झालेल्या असेफशी झालेली मारामारी मला जरा फिल्मी वाटते. सोहराबला अनाथाश्रमात पाठवणार नाही असा शब्द देऊन अमीर तोही मोडायला निघतो, आणि भोगतं ते पोरगंच. शेवटी अमीरच्या पदरात पडतं ते पतंग काटल्यावर सोहराबच्या ओठाच्या एका कोपऱ्यात आलेलं जरासं हसू.